मांजरापासून घर की घरापासून मांजर?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

ज्यांचे बालपण वाड्यात किंवा कौलारू घरात गेले, त्यांना शिंके नक्की आठवत असेल. स्वयंपाकघरात आढ्याला टांगलेले, काथ्याचे किंवा सुताचे विणलेले. त्यात दुधाचे पातेले, दह्याचे गाडगे, लोण्याचा गोळा. शिंके इतके उंच कशासाठी, तर खाली मांजर बसलेले असे म्हणून. ‘शिंके तुटले आणि बोक्याचे फावले’ ही म्हण त्यातूनच आली. दुधाच्या कपाटाला जाळीचे दार असे, पातेल्यावर जड झाकण असे, आणि त्या झाकणावर वरवंटाही ठेवला जाई. आपल्या जुन्या घरांची रचना पाहिली, तर मांजरापासून घर राखण्याचा विचार तिच्यात जागोजागी दिसतो.

आज शिंके गेले. दूध फ्रिजमध्ये गेले. मांजर मात्र ओसरीवरून, माळ्यावरून थेट सोफ्यावर आले. आणि प्रश्न नेमका उलटा झाला. आता मांजरापासून घर राखायचे नसून घरापासून मांजर राखायचे आहे. हे असे का झाले, याची गोष्ट मोठी रंजक आहे, आणि तिचा शेवट आपल्यापाशी येऊन थांबतो.

सुरुवात फार मागे जाऊन करावी लागेल. भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस नावाचे एक प्राचीन वसतिस्थान आहे. तिथे फ्रेंच संशोधकांना एका माणसाचे दफन सापडले आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच काळातले, एका तरुण मांजराचे दफन. २००४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. काळ सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा. सायप्रसमध्ये रानमांजरे मुळात नव्हतीच. म्हणजे कोणीतरी हे मांजर नावेतून सोबत नेले होते. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्याची कोठारे भरली, कोठारात उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. गाय, घोडा, कुत्रा यांना माणसाने आपल्या कामासाठी घडवले. मांजराला कोणी बांधून आणले नाही. ते आपल्या पायांनी आले आणि आपल्या अटींवर राहिले.

त्यामुळे एक गोष्ट घडली. मांजराचे शरीर फारसे बदललेच नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने जगभरच्या पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात असल्याचे दाखवले. आपल्या मांडीवर घुरघुरणारी मनी आतून अजून तीच शिकारी आहे. तिचे यकृत, तिचे दात, तिची जीभ, सारे मांसाहारी प्राण्याचे. घर मात्र या साडेनऊ हजार वर्षांत ओळखू येऊ नये इतके बदलले, आणि त्यातला सर्वांत मोठा बदल गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला आहे.

या सव्वाशे वर्षांची सुरुवात आपल्याच मुलखातून करू. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि पुढे ती गावोगाव पसरली. लोक घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहू लागले. उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा यांच्यामार्फत रोग पसरतो, हे हळूहळू सिद्ध झाले. त्या काळात अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेल्या लेफ्टनंट कर्नल ब्यूकॅनन यांनी आसपासच्या गावांत एक साधे निरीक्षण केले. ज्या गावांत घरोघर मांजरे आहेत, तिथे प्लेग कमी आढळतो. १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी यावर लिहिले आणि प्लेगला आळा घालायचा तर मांजरे पाळा, असा आग्रह धरला. वऱ्हाडातल्या मांजरांची कीर्ती अशी विलायतेपर्यंत पोहोचली.

पण या कीर्तीला दुसरी बाजूही होती. मांजरालाही प्लेग होतो, आणि आजारी मांजराकडून तो माणसालाही होऊ शकतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे घराची राखण करणारा हा पहारेकरी पहिला वार स्वतःच्या अंगावर घेत होता.

पुढे उंदीर मारण्याचे काम मांजराकडून काढून आपण औषधाकडे दिले. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत वॉरफरिन हे उंदीरनाशक म्हणून बाजारात आले. ते रक्त गोठू देत नाही, त्यामुळे उंदीर अंतर्गत रक्तस्रावाने मरतो. आपल्याकडे झिंक फॉस्फाइडची काळसर पूड पिठाच्या गोळीत मिसळून ठेवण्याची पद्धत घरोघर आणि शेतोशेत रूढ झाली. आता गंमत पाहा, म्हणजे खरे तर गंमत नव्हेच. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्तावतो, उघड्यावर येतो आणि मांजराला सहज सापडतो. ज्या कामासाठी मांजर घरात आले, तेच काम करताना ते मरू लागले. विषाची गोळी त्याने चाटलेलीही नसते. म्हणून ज्या घरात मांजर आहे, तिथे उंदरासाठी पिंजरा लावावा, विष ठेवू नये. शेजाऱ्यांनी विष ठेवले असेल तर तेवढे दिवस मांजराला बाहेर सोडू नये.

दुसरे मोठे वळण १९४७ सालचे. तोवर जगात सगळीकडेच घरातले मांजर अर्धे बाहेरचे होते. नैसर्गिक विधीसाठी ते परसात जाई, फार तर कुणी वाळूची किंवा राखेची पेटी ठेवी. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एड लोव या तरुणाने वाळूऐवजी द्रव शोषून घेणारी एक प्रकारची भाजलेली माती मांजरांच्या पेटीसाठी विकायला सुरुवात केली. दुर्गंधी कमी झाली आणि मांजर चोवीस तास घरात ठेवणे शक्य झाले. गोष्ट क्षुल्लक वाटते, पण मांजराच्या इतिहासात ती क्रांतीच म्हणायला हवी. रस्त्यावरचे अपघात, कुत्रे, मारामाऱ्या यांपासून मांजर वाचले. त्याच वेळी ते पूर्णपणे आपल्या हवाली झाले. आपण देऊ ते खायचे, आपण पुसू त्या फरशीवर चालायचे, आपण लावू त्या खिडकीत बसायचे.

आधी खाण्याचे पाहू. आपल्याकडे मांजराचे जेवण म्हणजे दूध-भात. पिढ्यान् पिढ्या मांजरे दूध-भातावर जगली, मग आताच काय बिघडले, असे कोणी विचारेल. उत्तर असे, की ती दूध-भातावर जगलीच नाहीत. दूध-भात हा वरचा खुराक होता. खरे जेवण ती बाहेर करत होती. उंदीर, पाल, चिमणी, नाकतोडा असे मिळेल ते. मांजराला ‘टॉरिन’ नावाचा एक घटक अन्नातून मिळावाच लागतो. तो मांसात आणि माशांत असतो, दुधात अगदी थोडा, भातात मुळीच नाही. टॉरिन न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ साली अमेरिकेत दाखवले गेले. पुढे १९८७ साली कॅलिफोर्नियातले पशुवैद्य पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की मांजरांमधल्या हृदयाच्या एका गंभीर आजाराचे कारणही हेच आहे. आणि ही मांजरे कुठल्या उपेक्षित घरातली नव्हती. बाजारातले तयार खाद्य खाणारी होती. त्या खाद्यात टॉरिन पुरेसे नव्हते. त्यानंतर उत्पादकांनी त्याचे प्रमाण वाढवले आणि तो आजार एकदम कमी झाला. फ्लॅटमध्ये बंद असलेल्या मांजराला केवळ आपल्या आवडीखातर शाकाहारी ठेवणे, ही माया नव्हे. आपल्या पानातला कांदा-लसूण घातलेला रस्साही त्याला देऊ नये. कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात.

आता औषधांच्या डब्याकडे वळू. माणसाने १९५० नंतर पॅरासिटामॉल घरोघरी नेले. ताप आला, अंग दुखले, घ्या गोळी. आपल्याला ती सोसते, कारण आपले यकृत तिच्यावर एक रासायनिक प्रक्रिया करून तिला शरीराबाहेर टाकते. ही प्रक्रिया करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, मांजरात नीट काम करतच नाही. ते बनवण्याची सूचना असलेले जनुक मांजरात मोडके आहे, हे २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. वाघ-सिंहांमध्येही तसेच आहे, हे पुढे कळले. अभ्यासकांचे म्हणणे असे, की केवळ मांस खाणाऱ्या या कुळाला वनस्पतींमधली विषारी द्रव्ये पचवण्याची गरजच पडली नाही, म्हणून ते हत्यार गंजून गेले. हजारो वर्षे त्यावाचून काही अडले नाही. मग एके दिवशी घरात एखादी प्रेमळ व्यक्ती मांजराचे अंग गरम लागते म्हणून आपलीच गोळी दुधात कालवून देते. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास जड होतो. अशा वेळी तासभरही थांबू नये. यावर उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो.

हीच गोष्ट फरशीची. १८६७ साली जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्ल वापरून शस्त्रक्रियेतला जंतुसंसर्ग रोखण्याची पद्धत जगापुढे मांडली. लाखो माणसांचे प्राण त्याने वाचले. कार्बोलिक आम्ल म्हणजेच फिनॉल. त्याच कुळातली द्रव्ये पुढे काळ्या फिनेलमधून आणि निरनिराळ्या जंतुनाशकांमधून आपल्या घरात आली. मांजराचे यकृत याही द्रव्यांपुढे दुबळे पडते. फरशी पुसून आपण बाजूला होतो. मांजर ओल्या फरशीवरून चालते आणि मग कोपऱ्यात बसून, त्याच्या स्वच्छतेच्या सवयीप्रमाणे, चारही पंजे चाटून काढते. स्वच्छतेची हौस दोघांचीही, पण बाधा एकालाच. फरशी साध्या पाण्याने पुन्हा पुसून कोरडी होईपर्यंत त्या खोलीचे दार लावले, तरी पुष्कळ काम होते. डांबरगोळ्या कपाटात बंद असाव्यात. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारे परमेथ्रिनचे थेंब मांजराला कधीही लावू नयेत. एकच प्राणी-औषध दोघांना चालेल, हा समज अनेक मांजरांच्या जिवावर बेतला आहे. आणि समारंभात मिळालेल्या पुष्पगुच्छात तुतारीच्या आकाराची मोठी लिली असेल, तर तो मांजराच्या घरात आणूच नये. तिचे पान, पाकळी, एवढेच काय, अंगावर सांडलेला परागही चाटला गेला, तर दोन-तीन दिवसांत मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

आता खिडकीकडे. न्यूयॉर्क हे उंच इमारतींचे शहर. तिथल्या एका पशुरुग्णालयात उन्हाळ्यात, खिडक्या उघड्या राहू लागल्या की, वरच्या मजल्यांवरून पडलेली मांजरे येत. १९८७ साली तिथल्या डॉक्टरांनी पाच महिन्यांतल्या अशा १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मांजरे वाचली. इतकेच नव्हे, सातव्या मजल्याच्या वरून पडलेल्यांना दुखापती कमी असल्याचे दिसले. ही बातमी जगभर गाजली. ‘मांजर कुठूनही पडले तरी पायांवरच उतरते’ या जुन्या समजुतीला विज्ञानाचा शिक्का मिळाला, असे लोकांना वाटले.

पण जरा थांबून विचार केला, तर एक गोम लक्षात येते. पडून जागीच मेलेले मांजर कोणी रुग्णालयात नेत नाही. म्हणजे मोजदाद झाली ती केवळ रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांची. पुढे २००४ साली क्रोएशियातल्या झाग्रेब शहरातून ११९ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सातव्या मजल्यावरून किंवा त्याहून उंचावरून पडलेल्यांना छातीच्या दुखापती अधिक आणि गंभीर असल्याचे आढळले. मुंबई, ठाणे, पुणे येथे आज वीस-वीस मजली इमारतींत मांजरे राहतात. कबुतर दिसले की साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा शिकारी जागा होतो आणि कठडा विसरतो. आकडेवारीच्या भरवशावर राहू नये. खिडकीला आणि गॅलरीला घट्ट जाळी बसवावी.

आता शेवटची आणि सर्वांत गंभीर गोष्ट. जपानच्या क्युशू बेटावर मिनामाता नावाचे एक समुद्रकाठचे गाव आहे. तिथे चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. त्याचे पारायुक्त सांडपाणी खाडीत सोडले जाई. १९५० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या कोळीवाड्यांतली मांजरे विचित्र वागू लागली. झोकांड्या खात, गरगर फिरत, लाळ गाळत, आणि काही तर समुद्रात पडून मरत. लोक त्याला ‘नाचणाऱ्या मांजरांचा रोग’ म्हणू लागले. १९५४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका वृत्तपत्रात बातमी आली, की एका वाडीतली मांजरे मरून गेली आहेत, उंदीर माजले आहेत, त्यांचा बंदोबस्त करावा. लक्षात घ्या, तक्रार उंदरांची होती. मांजरे का मेली, हा प्रश्न त्या वेळी कोणी धसास लावला नाही.

१९५६ च्या एप्रिलमध्ये सहा वर्षांचीही पुरती न झालेली एक मुलगी कारखान्याच्याच रुग्णालयात दाखल झाली. तिला नीट चालता येईना, बोलता येईना. पाठोपाठ तिची धाकटी बहीण. एक मे रोजी त्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मज्जासंस्थेच्या एका अज्ञात रोगाची खबर आरोग्य खात्याला दिली. मांजरे जे मासे खात होती, तेच मासे माणसेही खात होती. मांजराचे शरीर लहान, त्याच्या आहारात मासळीचे प्रमाण मोठे, म्हणून विष आधी तिथे दिसले, इतकेच.

पुढे होसोकावांनी प्रयोगच केला. १९५९ च्या जुलैपासून त्यांनी एका मांजराच्या अन्नात कारखान्याचे सांडपाणी मिसळायला सुरुवात केली. नोंदवहीतला त्याचा क्रमांक होता ४००. ऑक्टोबरमध्ये त्या मांजराला तीच लक्षणे दिसली. कंपनीला उत्तर मिळाले होते. पण ते दडपले गेले. पाऱ्याचा वापर होणारे ते उत्पादन १९६८ साली थांबले. जपान सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले तेही त्याच वर्षी. १९७० साली कर्करोगाने आजारी असलेल्या होसोकावांनी रुग्णशय्येवरून न्यायालयापुढे साक्ष दिली आणि ४०० क्रमांकाच्या मांजराची हकिकत जगापुढे आली. १९७३ साली निकाल कंपनीच्या विरोधात लागला. पण मधल्या वर्षांत किती घरे उद्ध्वस्त झाली, किती मुले जन्मतःच हा रोग घेऊन आली, याची भरपाई कोण करणार?

पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला. त्याला नाव मिनामाताचेच आहे. भारताने २०१८ साली तो मान्य केला. तरी जुन्या घरांत पाऱ्याचा थर्मामीटर अजून सापडतो. तो फुटला, तर पारा झाडूने लोटू नये. मांजराला आणि मुलांना आधी खोलीबाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात आणि जाड कागदाने ते थेंब गोळा करून बाटलीत बंद करावेत.

मिनामाताची गोष्ट इतकी सविस्तर सांगितली, त्याला कारण आहे. मांजर जमिनीलगत राहते, आपले ताट चाटते, आपली हवा घेते आणि आपल्याहून कितीतरी लहान असते. घरात काही विषारी शिरले, तर ते बहुधा प्रथम त्यालाच जाणवते. त्याच उंचीवर आणखी एक जीव वावरतो, रांगणारे मूल. मांजरासाठी सुरक्षित केलेले घर त्या मुलासाठीही सुरक्षित होते. ‘एवढ्याशा मांजरासाठी कशाला इतके’ असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे व्हावे.

आणि हे ‘इतके’ म्हणजे तरी काय? पुन्हा एकदा शिंक्याकडे जायचे. शिंके याचा अर्थ मांजराच्या आवाक्याबाहेर. फक्त आज त्यात दुधाऐवजी वेगळ्या वस्तू ठेवायच्या. औषधांच्या पट्ट्या, फिनेलची बाटली, डांबरगोळ्या आणि सुई-दोरा. हो, सुई-दोराही. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळावाच लागतो आणि आतड्यात अडकतो. बाहेर लोंबणारे टोक दिसले, तरी ओढू नये, डॉक्टरांकडे न्यावे. कपडे धुण्याचे यंत्र सुरू करण्यापूर्वी आत एकदा डोकावावे, कारण उबदार कोनाडा मांजराला झोपायला आवडतो. विषबाधेची शंका आली, तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती खटाटोप करू नये. ज्या वस्तूची शंका आहे, तिचे वेष्टन हाती घ्यावे आणि पशुवैद्य गाठावा.

आपल्या पूर्वजांनी मांजराला ओळखून घर बांधले होते. दूध कुठे ठेवायचे, झाकण किती जड हवे, हे त्यांना ठाऊक होते. ते मांजर अजून तेच आहे. बदललो आपण आणि आपली घरे. तेव्हा आता नव्या घरात एक नवे शिंके टांगायला हवे. त्या काळी त्याने दूध वाचवले, आता ते मांजर वाचवील.